धबधबा एक, विमानतळ दोन: इंदूरच्या एका कुटुंबाच्या व्हिक्टोरिया फॉल्स सहलीचं प्रकरण

व्हिक्टोरिया फॉल्सला जायचं ठरलं की बहुतेक लोक आधी तिकीट शोधतात. तिथेच पहिली गाठ चुकीची बसते. आफ्रिकेतल्या या धबधब्याला झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांतले दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत आणि तुम्ही कुठे उतरता यावरून धबधब्याची कोणती बाजू पाहणार, कोणता व्हिसा लागणार, कोणती लस टोचून घ्यावी लागणार आणि परत येताना मुंबईत अडकणार की नाही, हे सगळं ठरत जातं. इंदुरात सहलींची आखणी करून देणं हे माझं काम. हे प्रकरण इथल्याच एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांची परवानगी घेऊन, नावं न देता, सविस्तर लिहिते आहे, कारण यातल्या अडचणी एकीत एक गुंतलेल्या होत्या आणि त्या सुटल्या त्याही एकत्रच.

मंडळी आणि मागणी

आजोबा ७२ वर्षांचे, लोकमान्य नगरात राहणारे, मध्य प्रदेशच्या जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, आजींना माई. माईंचं वय ६६, गुडघे दुखरे. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, सून तिथेच कॉलेजात शिकवते, नात नऊ वर्षांची. म्हणजे एकूण पाच जण.

नानांची उभी नोकरी नर्मदेच्या खोऱ्यात गेली. नदीचं पाणी मोजणं, त्याच्या नोंदी ठेवणं, पुराचे अंदाज बांधणं हे त्यांचं काम. १,७०० मीटरहून रुंद आणि १०० मीटरहून उंच पाण्याचा अखंड पडदा जगात एकाच ठिकाणी कोसळतो, तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे त्यांनी निवृत्तीच्या आधीपासून मनात धरलं होतं. मुलानं ते मनावर घेतलं.

तारखांबाबत मोकळीक नव्हती. सुनेचे पेपर, तपासणी, परीक्षांची कामं एप्रिलपासून जूनपर्यंत चालतात. त्यानंतर नातीला लांब सुट्टी मिळते ती दिवाळीत. म्हणून दिवाळीच. मुलानं एका ऑनलाइन पोर्टलवर तिकिटंही पाहून ठेवली होती: मुंबई ते इथिओपियातलं अदिस अबाबा, तिथून झांबियाची राजधानी लुसाका, आणि लुसाकाहून वेगळ्या कंपनीचं छोटं विमान धबधब्याजवळच्या लिव्हिंगस्टनला. भाव उत्तम होता. श्रावणातल्या एका संध्याकाळी नाना आणि मुलगा (तो राखीपौर्णिमेसाठी इंदुरात आला होता) माझ्याकडे आले ते फक्त हॉटेलं विचारायला. तिकिटं त्या रात्री काढायची होती.

मी त्यांना तिकिटं थांबवायला सांगितलं.

दोन विमानतळ

झांबेझी नदी तिथे दोन देशांची सीमा आहे. उत्तरेला झांबिया, दक्षिणेला झिम्बाब्वे. झांबियाकडचं गाव लिव्हिंगस्टन, धबधब्यापासून साधारण १० किलोमीटरवर; १९३५ पर्यंत ते उत्तर ऱ्होडेशियाची राजधानी होतं. तिथल्या विमानतळाला झांबियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते हॅरी म्वांगा न्कुंबुला यांचं नाव आहे. झिम्बाब्वेकडचं गाव धबधब्याला अगदी लागून, त्याचं नावच व्हिक्टोरिया फॉल्स, आणि त्याचा विमानतळ गावाबाहेर सुमारे २० किलोमीटरवर, बुलावायोच्या रस्त्याला. दोन्ही बाजूंना जोडतो तो १९०५ सालचा लोखंडी पूल, नदीच्या पात्रापासून १२८ मीटर उंच. पुलाच्या दोन्ही टोकांना चौक्या, शिक्के, रांगा.

झिम्बाब्वेकडचा विमानतळ पूर्वी लहानच होता. चीनच्या एक्झिम बँकेकडून १५ कोटी डॉलर कर्ज घेऊन तो वाढवला गेला. ४,००० मीटरची नवी धावपट्टी झाली, नवी आंतरराष्ट्रीय इमारत उभी राहिली, वर्षाला ५ लाखांऐवजी १५ लाख प्रवासी हाताळण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची धावपट्टी पावणेतीन हजार मीटरच्या आसपास आहे, हे सांगितलं की आपल्या माणसाला अंदाज येतो. लाखभर वस्तीच्याही खालच्या गावाला एवढी लांब पट्टी कशाला, असं मुलानं विचारलंच. ती गावासाठी नाहीच. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, हवा तापलेली आणि विरळ, त्यात लांबच्या पल्ल्याचं मोठं विमान इंधनासकट उठवायचं तर पट्टी लांबच लागते. थेट दूरच्या देशांतून पर्यटक आणायचे, जोहान्सबर्गवर अवलंबून राहायचं नाही, हा त्यामागचा बेत होता. तो काही अंशी साधलाही: अदिस अबाबा, नैरोबी, पुढे २०२२ मध्ये फ्रँकफर्टहून विंडहुकमार्गे अशा सेवा तिथे आल्या. भारतातून थेट विमान दोन्हीपैकी कुठेही नाही. आपल्याला किमान एका ठिकाणी विमान बदलावंच लागतं, इंदूरकरांना किमान दोन ठिकाणी.

इथवर ऐकून मुलगा म्हणाला, "ताई, पण मग लिव्हिंगस्टनला काय वाईट आहे? पूल तर आहेच, पलीकडे जाऊ की." प्रश्न रास्त होता, म्हणून मी उत्तर नानांकडे वळवलं.

पाण्याचं वेळापत्रक

झांबेझी नदी प्राधिकरण ही झांबिया आणि झिम्बाब्वे यांची संयुक्त संस्था धबधब्याजवळच्या मोजणी केंद्रावरचा रोजचा विसर्ग प्रसिद्ध करते. मी त्यांचे आकडे आणि आलेख छापून नानांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा बदलला, खिशातून पेन्सिल काढली आणि दहा मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

आलेख असा आहे. पाऊस तिकडे नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. पण धबधब्याला सगळ्यात जास्त पाणी येतं ते एप्रिलच्या आसपास, पाऊस सरता सरता. नदीचा वरचा भाग अंगोला आणि पश्चिम झांबियात आहे. मधे बारोत्से नावाचं प्रचंड पूरमैदान लागतं, तिथे पाणी पसरतं आणि सावकाश पुढे सरकतं. नानांनी नकाशावर त्या मैदानाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि म्हणाले, "एवढं मैदान मधे असेल तर पूर रेंगाळणारच. शिखर उशिरा येईल आणि उतारही हळूहळू येईल." मग त्यांची पेन्सिल ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या खळग्यात येऊन थांबली. एप्रिलमध्ये सेकंदाला ३,००० घनमीटरच्या घरात जाणारं पाणी तिथे ३०० च्या आसपास येतं. आणि दिवाळी नेमकी तिथेच.

मुलाला हे पटवायला आलेख लागला नाही. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला आपण श्रावणात जातो, मे महिन्यात कुणी पाहुण्याला तिथे नेत नाही, एवढं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

पण व्हिक्टोरिया फॉल्स दिवाळीत पूर्ण सुकतो असंही नाही, आणि इथेच दोन बाजूंचा फरक येतो. धबधब्याचा कडा सगळीकडे सारख्या उंचीचा नाही. पश्चिमेचं टोक, ज्याला डेव्हिल्स कॅटरॅक्ट म्हणतात, ते बाकीच्या कड्यापेक्षा खाली आहे. नदी तिथे खडकातली भेग कोरत चालली आहे. हजारो वर्षांनी पुढची घळ तिथूनच मागे सरकेल. पाणी कमी झालं की उरलेलं पाणी उताराप्रमाणे त्या बाजूला आणि मुख्य धबधब्याकडे जातं. ही बाजू झिम्बाब्वेच्या उद्यानातून समोर दिसते. पूर्वेचा भाग, म्हणजे झांबियाचा, आधी सुकतो. त्यात झांबियाचं १०८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र धबधब्याच्या वरच्या अंगानं पाणी घेतं, आणि कमी पाण्याच्या दिवसांत तेवढ्यानंही फरक पडतो. ऑक्टोबरच्या अखेरीला लिव्हिंगस्टनकडून पाहिलं तर बऱ्याच वर्षी समोर काळ्या खडकाची भिंत आणि तुरळक धारा, एवढंच हाती लागतं.

मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात चांगला. पाणी भरपूर, तुषारांचा धूर थोडा उतरलेला, हवा थंड. ऐन एप्रिलमध्ये तुषार इतके उडतात की समोर असूनही धबधबा दिसत नाही आणि माणूस चिंब होतो. मी मे-जून सुचवून पाहिलं. सून फोनवर होती. परीक्षांच्या काळात रजा मिळणं शक्य नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. नानांनी पुढच्या वर्षावर ढकलायला नकार दिला. "या वयात पुढच्या वर्षाचा हिशेब मी मांडत नाही," एवढंच बोलले, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

तेव्हा दिवाळी पक्की, आणि दिवाळी पक्की म्हणजे उतरायचं झिम्बाब्वेच्या बाजूला, हेही पक्कं. पायवाटांच्या दृष्टीनंही तेच बरं होतं. झिम्बाब्वेच्या उद्यानात वाटा बहुतेक सपाट, फरसबंद आहेत. एकामागून एक ठिकाणं लागतात आणि दोन ठिकाणांत अंतर फार नाही. झांबियाकडे उतार, पायऱ्या आणि एक अरुंद पादचारी पूल. माईंच्या गुडघ्यांना पहिला पर्याय मानवणारा होता.

लसीचा पेच

आता मार्ग. व्हिक्टोरिया फॉल्सला अदिस अबाबामार्गेही जाता येतं, मग मुलानं शोधलेलं तिकीट थोडं बदलून तसंच घेतलं तर? स्वस्तही पडलं असतं. या ठिकाणी मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही.

इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. या यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पिवळं कार्ड म्हणतो ते, नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. वयाची सूट फक्त अगदी तान्ह्या बाळांना. पिवळा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. एक रुग्ण आला तर काय होईल, या धास्तीनं नियम इतका कडक ठेवला आहे आणि तो तसाच असायला हवा, असं मला वाटतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

मुलगा म्हणाला, "मग घेऊ की लस सगळे."

तो, सून आणि नात यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न नाना आणि माईंचा होता. ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. धोका विरळाच, पण असतो. म्हणून साठीपुढच्या माणसाला ती खरोखर गरज असेल तरच द्यावी, असं डॉक्टर मानतात. नानांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी स्वतः भेटायला सांगितलं. डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं: त्या भागात राहायला जायचं असतं तर विचार केला असता, नुसतं विमान बदलण्यासाठी या वयात ही लस देणार नाही.

इथे एक पळवाट लोक सांगतात आणि ती नियमात खरोखर आहे. यादीतल्या देशात फक्त विमान बदललं, विमानतळाच्या आवाराबाहेर पाऊल ठेवलं नाही, आणि आपल्याकडच्या आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली, तर सूट मिळू शकते. मुलाचा सगळा भर यावर होता. मी त्याला एकच गोष्ट विचारली: अदिस अबाबाला पुढचं विमान चुकलं किंवा रद्द झालं तर कंपनी काय करते? प्रवाशांना हॉटेलात पाठवते. हॉटेल शहरात असतं. म्हणजे इमिग्रेशनचा शिक्का पडला, आवार सुटलं आणि सूटही गेली. मग ७२ वर्षांचा माणूस आणि गुडघेदुखीची माई मुंबईत उतरून घरी येण्याऐवजी विलगीकरणात. हे होईलच असं नाही. पण झालं तर आपल्या हातात काहीच उरत नाही, आणि विमान वेळेवर सुटणं कुणाच्या हातात नसतं. डॉक्टरांकडून सूटपत्र आणू, हाही मुद्दा निघाला. पण निव्वळ वय हे कारण तिथल्या अधिकाऱ्याला पुरेसं वाटेलच याची हमी कुणी देत नाही.

नानांनी ते ऐकून प्रश्न निकालात काढला. "मुंबईत अडकून पडायचं असेल तर मी पाताळपाणीलाच जाईन," म्हणाले. त्यानंतर आम्ही यादीतल्या देशांना न शिवणारा मार्ग शोधायला बसलो.

एकच तिकीट

मुंबई ते दुबई, दुबई ते जोहान्सबर्ग, जोहान्सबर्ग ते व्हिक्टोरिया फॉल्स. संयुक्त अरब अमिरात, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे: तिन्ही देश पिवळ्या तापाच्या यादीबाहेर. लस नको, कार्ड नको. भाडं जास्त होतं, आणि पाच माणसांचा फरक मिळून रक्कम जाणवण्यासारखी होती. ती मुलानं स्वीकारली.

यात दुसरा खड्डा आहे, तो बऱ्याच जणांना दिसत नाही. दुबई-जोहान्सबर्ग एका तिकिटावर आणि पुढचं छोटं विमान वेगळ्या तिकिटावर स्वस्तात घेतलं, तर सामान जोहान्सबर्गपर्यंतच टॅग होतं. मग बॅगा घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि भारतीयांना दक्षिण आफ्रिकेत पाऊल ठेवायला व्हिसा लागतो. बॅगा पट्ट्यावर फिरत राहतात आणि माणूस आत अडकतो. म्हणून सगळा प्रवास एका पीएनआरवर, सामान मुंबईहून थेट व्हिक्टोरिया फॉल्सपर्यंत, हे मी सोडलं नाही. एमिरेट्स आणि दक्षिण आफ्रिकेची एअरलिंक यांची भागीदारी असल्यामुळे तसं तिकीट निघालं. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर व्हीएफए ही व्हिक्टोरिया फॉल्स विमानतळाची तीन अक्षरं आहेत ना, ती पाहिल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हे मी सुनेला सांगून ठेवलं. पाच जणांत कागदपत्रांचं भान तिलाच होतं.

इंदूर-मुंबईचं विमान मी मुद्दाम आदल्या दिवशीचं घेतलं. नाना-माई मुंबईत भाचीकडे राहिले, पुण्याची मंडळी तिथेच येऊन मिळाली. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान दुबईला उडालं तेव्हा इथे केवढा आनंद झाला होता, पण पाच जणांचं जोडतिकीट बांधताना मी मुंबईवरच भरवसा ठेवते; गोंधळ झालाच तर तिथे पर्याय जास्त असतात.

झिम्बाब्वेचे ई-व्हिसा आधीच काढले. दोन्ही देशांसाठी मिळून काझा युनिव्हिसा नावाचा एक व्हिसा आहे, ५० डॉलरचा, ३० दिवसांचा, आणि पूल ओलांडून ये-जा करायची असेल तर तो सोयीचा पडतो. या प्रकरणात आम्ही तो विचार बाजूला ठेवला. झांबियाच्या पश्चिम आणि वायव्य भागांत पिवळ्या तापाचा थोडा धोका जागतिक आरोग्य संघटना मानते; लिव्हिंगस्टनचा भाग त्यात येत नाही, पण नाना-माईंच्या पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का पडून मुंबईत प्रश्नोत्तरं व्हावीत, असं मला वाटत नव्हतं. शिवाय त्या दिवसांत पलीकडे पाहण्यासारखं पाणीही नव्हतं. पूल मात्र पाहता येतो. झिम्बाब्वेच्या चौकीवर एक चिठ्ठी मिळते, ती घेऊन पुलावर जाऊन परत येता येतं, झांबियात प्रवेश न करता.

पैशांबाबत एक सूचना मी आग्रहानं केली होती: डॉलर न्या, आणि सुटे न्या. एक, पाच, दहाच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा. झिम्बाब्वेनं एप्रिल २०२४ मध्ये झिग नावाचं नवं चलन आणलं, तरी पर्यटकाचा व्यवहार डॉलरमध्येच चालतो आणि मोठ्या नोटेला सुटे परत मिळण्याची मारामार असते.

प्रत्यक्षात

जोहान्सबर्गहून व्हिक्टोरिया फॉल्सला येणारी विमानं साधारण दुपारच्या सुमारास एकापाठोपाठ उतरतात. दिवसभर शांत असलेला विमानतळ त्या दोन तासांत भरतो आणि इमिग्रेशनची रांग एकदम वाढते. माईंसाठी व्हीलचेअर आधीच मागवून ठेवली होती. त्यामुळे पाचही जण लवकर बाहेर आले. नानांना व्हीलचेअर नकोच होती, पण नातीनं त्यांना आजीची खुर्ची ढकलायचं काम दिलं, तेवढ्यावर ते तयार झाले. बाहेर पारंपरिक वेशातली मंडळी गात-नाचत होती, त्याचा व्हिडिओ सुनेनं मला लगेच पाठवला. हॉटेलाच्या वाटेवर गाडी थांबली, समोरून हत्ती रस्ता ओलांडत होते. नातीचं मन तिथेच भरलं; धबधबा तिच्या लेखी नंतरचा.

ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात तापलेला महिना. दुपारी पारा पस्तिशीपर्यंत चढतो. म्हणून उद्यानात सकाळी, दार उघडताच जायचं आणि ऊन चढण्याआधी परतायचं, असं ठरवून दिलं होतं. पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात केली. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा पुतळा तिथे आहे. १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं हा धबधबा पाहिला, म्हणजे तोही साधारण याच कमी पाण्याच्या दिवसांत आला होता. स्थानिक लोक त्याआधी कित्येक पिढ्या याला मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर, म्हणत आले आहेत.

डेव्हिल्स कॅटरॅक्टला पाणी जोरात होतं. मुख्य धबधबाही अखंड नसला तरी रुंद पट्ट्यांमध्ये कोसळत होता. पुढे चालत पूर्वेच्या टोकाला, डेंजर पॉइंटकडे गेलं की समोर कडा जवळजवळ कोरडा. तिथे कठडा नाही आणि खडक निसरडे, म्हणून नाना-माई अलीकडेच थांबले.

मला धास्ती होती ती इथेच. नाना निराश होतील, एवढा खर्च करून अर्धा धबधबा पाहिला असं म्हणतील, असं वाटत होतं. त्या रात्री त्यांचा फोन आला. पाण्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग अर्धा तास खडकाबद्दल. धूर नसल्यामुळे घळीचा तळ दिसत होता. कड्यातले थर, उभ्या भेगा, पाणी भेगेत शिरून खडक कसा सोडवतं ते त्यांना समोर उघडं पाहायला मिळालं. तो खडकही बसाल्टच, आपल्या माळव्यासारखा काळा, फक्त आपल्यापेक्षा खूप जुना: तिकडचा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपासचा. "भर पाण्यात आलो असतो तर यातलं काही दिसलं नसतं," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा एकटेच उद्यानात गेले आणि डेव्हिल्स कॅटरॅक्टसमोरच्या बाकावर वही घेऊन बसले. त्या वहीतलं एक पान मी पाहिलं आहे. कड्याचा आडवा छेद, कोणत्या भागावरून किती पाणी याचा डोळ्यांनी केलेला अंदाज, आणि खाली त्या दिवशीचा प्राधिकरणाचा अधिकृत आकडा. दोन्हींत फार अंतर नव्हतं.

दिवाळीचा पहिला दिवा त्यांनी तिथल्या हॉटेलच्या ओसरीत लावला. माईंनी इंदूरहून शंकरपाळे आणि चकल्या नेल्या होत्या. हॉटेलातल्या स्वयंपाक्याला चकली इतकी आवडली की त्यानं माईंना स्वयंपाकघरात बोलावून भाजणी कशाची ते विचारलं.

परतीच्या वाटेवर जोहान्सबर्गच्या विमानाला उशीर झाला आणि दुबईचं पुढचं विमान जेमतेम मिळालं. हेच अदिस अबाबाला झालं असतं तर काय, हे मुलानं मला नंतर स्वतःहून बोलून दाखवलं. मुंबईत आरोग्य तपासणीच्या टेबलावर त्यांना विचारलं, आफ्रिकेत कुठे कुठे उतरलात. सुनेनं जपून ठेवलेले बोर्डिंग पास पुढे केले: जोहान्सबर्ग, व्हिक्टोरिया फॉल्स, पुन्हा जोहान्सबर्ग. पासपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि सोडलं. बोर्डिंग पासचे कागद फेकायचे नाहीत, मोबाइलमधल्या चित्रावर विसंबायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

पुढे

प्रकरण अजून संपलेलं नाही. मुलगा आणि सून यांना आता भरलेला धबधबा झांबियाच्या बाजूनं पाहायचा आहे, आणि सुनेनं पुढच्या जूनअखेरीची रजा आतापासून मागून ठेवली आहे. यावेळी उलट गणित मांडतो आहोत. पाणी पूर्वेच्या कड्यावरूनही कोसळत असेल, दोघंही तरुण आहेत, लस घेऊ शकतात. म्हणून अदिस अबाबा-लुसाका-लिव्हिंगस्टन हा सुरुवातीला बाजूला ठेवलेला मार्ग त्यांना चालेल. लसीची तारीख निघण्याच्या किमान महिनाभर आधीची धरायला सांगितली आहे, म्हणजे केंद्रात लस संपली असली तरी दुसरी फेरी मारायला वेळ राहील. नात तेव्हा शाळेमुळे इंदुरात आजी-आजोबांकडे येऊ शकणार नाही, तर नाना-माईच पुण्याला जाऊन राहणार आहेत. नानांनी जूनचा विसर्गाचा तक्ता मागवून घेतला आहे आणि कोणत्या तारखेला पाणी किती असेल याचा अंदाज ते मुलाला लेखी देणार आहेत.